आधी दारं बघा, मग अक्षरं

ताई,
एप्रिलपासून दोन-तीन वर्षांसाठी माझी टोकियोला बदली झाली आहे. ऑफिस ओतेमाचीला. आधी मी एकटा जाईन. बायको आणि चार वर्षांची मुलगी जूनमध्ये येतील, आणि आई दिवाळीनंतर महिना-दीड महिना राहायला येईन म्हणते. कंपनीने नेमलेल्या एजंटबाईंनी निशी-कासाईच्या आसपासच्या तीन घरांचे नकाशे पाठवलेत, ते सोबत जोडतो. भाडं तिन्हींचं जवळपास सारखंच आहे.

(अ) १एलडीके, ४० चौ. मी., २०१८ची इमारत, सातवा मजला, स्टेशनपासून ५ मिनिटं.
(ब) २डीके, ४६ चौ. मी., १९७७ची यूआर या सरकारी गृहसंस्थेची वसाहत, चौथा मजला, लिफ्ट नाही, ११ मिनिटं.
(क) १एसएलडीके, ५० चौ. मी., २००४ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट आहे, १४ मिनिटं.

बायको म्हणते, २डीके म्हणजे टू बीएचकेच, ते घेऊन टाक. तिथे राहणारा मित्र म्हणतो, एलडीके नसेल तर त्या घराकडे बघूही नकोस. आईला काळजी वेगळीच: तिन्ही नकाशांवर 'दक्षिणमुखी' लिहिलंय, आणि दक्षिणेला तोंड असलेलं घर तिला नको. मला तर त्या नकाशात संडास कुठला आणि कपाट कुठलं हेही धड कळत नाही. हडपसरचं आमचं घर साडेसहाशे कार्पेटचं आहे. ४० मीटरमध्ये माणसं राहतात?
— स. दे., पुणे

स. दे.,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: राहतात. ४० चौ. मी. म्हणजे साधारण ४३० चौ. फूट, आणि टोकियोत एका मुलाचं कुटुंब एवढ्या जागेत राहतं याचं कोणाला नवल वाटत नाही. त्यातल्या त्यात बरं हे की हा आकडा आपल्याकडच्या सुपर बिल्टअपसारखा फुगवलेला नसतो. जिना, लिफ्ट, बाहेरचा पॅसेज त्यात धरत नाहीत, गॅलरीही धरत नाहीत. मात्र मोठ्या इमारतींत माप बहुधा भिंतीच्या मध्यापासून घेतलेलं असतं, म्हणून आत टेप लावली तर थोडं कमी भरेल. तिन्ही घरं तुमच्या घरापेक्षा लहान आहेत, हे एकदाच मान्य करून टाका. मग बघायचं राहतं ते इतकंच, की यातली कुठली रचना तुमच्या माणसांना सोसेल. बायको आणि मित्र दोघंही अक्षरांवरून वाद घालताहेत, आणि या प्रश्नावर अक्षरं जवळजवळ मुकी असतात.

अक्षरं काय सांगतात ते बघू. आकडा म्हणजे स्वयंपाकाची खोली वगळून राहिलेल्या खोल्या. पुढची अक्षरं म्हणजे ती स्वयंपाकाची खोली केवढी. नुसता 'के' असेल तर ओटा आणि उभं राहायला जागा. 'डीके' म्हणजे तिथेच जेवायचं टेबल मावेल. 'एलडीके' म्हणजे टेबल मावून वर बसायउठायची जागाही. १के म्हणजे आपला वन आरके; खोली आणि ओटा यांच्यामधलं दारही काढून टाकलं की झालं १आर. घरांच्या जाहिरातींची तिथे एक आचारसंहिता आहे आणि तिच्यात किमान मापं दिलेली आहेत. बाकीची खोली एकच असेल तर डीके म्हणवून घ्यायला ४.५ ज्यो लागतात आणि एलडीकेला ८. खोल्या दोन किंवा जास्त असतील तर डीकेला ६, एलडीकेला १०.

ज्यो म्हणजे तातामीच्या, म्हणजे जमिनीवर बसवलेल्या जाड गवती आसनाच्या, एका चटईएवढी जागा. जाहिरातीत एक ज्यो निदान १.६२ चौ. मी. धरायचा असा नियम आहे, म्हणजे साडेसतरा चौ. फुटांना थोडा कमी. सहा ज्योंची खोली साधारण १०५ चौ. फूट. खऱ्या चटया मात्र सगळीकडे एका मापाच्या नाहीत. क्योतोकडची चटई १९१ बाय ९५.५ सें.मी., टोकियोकडची १७६ बाय ८८, आणि सरकारी वसाहतींतली १७० बाय ८५च्या आसपास. सहा क्योतो चटया आणि सहा वसाहतीच्या चटया यांच्यात सव्वादोन चौ. मीटरचा, म्हणजे एका मोठ्या पलंगाहून थोड्या कमी जागेचा फरक पडतो. म्हणून तातामीची खोली असेल तर ज्यो विचारू नका, सेंटिमीटर विचारा.

आता 'डीके'बद्दल थोडं सविस्तर, कारण तुमचा मित्र ज्याला नाक मुरडतो त्याच्यामागे बराच विचार झालेला आहे. जुन्या जपानी घरात एकाच खोलीत दिवसा ठेंगणं टेबल मांडून जेवायचं आणि रात्री ते उचलून गाद्या घालायच्या अशी रीत होती. युद्धाच्या काळात निशियामा उझो या वास्तुशास्त्राच्या अभ्यासकाने साध्या लोकांच्या घरांची पाहणी करून असं मांडलं, की घर कितीही लहान असलं तरी जेवायची जागा आणि झोपायची जागा वेगळी हवी, आणि लोक स्वतःहून तसं करतातही. युद्धानंतर घरांची भयंकर टंचाई होती. १९५१ साली सरकारी घरांसाठी काही नमुना आराखडे तयार झाले, त्यांतला '५१सी' हा सुमारे ३५ चौ. मीटरचा. त्यात स्वयंपाकघर थोडं मोठं करून जेवण तिथे आणलं, आणि दोन खोल्या झोपायला मोकळ्या ठेवल्या. १९५५ मध्ये जपान गृहनिर्माण महामंडळ स्थापन झालं आणि हा नमुना देशभर गेला. त्या मोठमोठ्या वसाहतींना दान्ची म्हणतात. महामंडळाचा आजचा वारस म्हणजे यूआर, आणि तुमचं (ब) त्याच घराण्यातलं.

म्हणजे २डीकेमध्ये झोपायच्या खोल्या दोन हे तुमच्या बायकोचं म्हणणं बरोबर आहे. फक्त बीएचकेतला एच तिथे नाही. पाहुणे आले तर डीकेतल्या टेबलाशी किंवा झोपायच्या खोलीत बसतील. मित्राचा सल्ला एकट्या माणसाला ठीक. तुम्ही चौघं होणार आहात.

आता नकाशे काढा. आधी खुणा. पाव वर्तुळ काढलेलं दिसेल ते उघडणारं दार, ते किती जागा खातं हेही त्यावरूनच कळतं. एकमेकींना चिकटलेल्या दोन-तीन बारीक समांतर रेघा म्हणजे सरकतं दार. यूबी म्हणजे न्हाणीघर, डब्ल्यूसी संडास, डब्ल्यू वॉशिंग मशीनची जागा, आर फ्रिजची, सीएल कपाट. पीएस आणि एमबी म्हणजे पाइप आणि मीटर, ती जागा तुमची नाही. तुटक रेघ असेल तर वर काहीतरी आहे: तुळई किंवा भिंतीवरची फडताळं. उंच कपाट घ्यायच्या आधी तुटक रेघा बघायच्या. 'लॉफ्ट' लिहिलेलं दिसलं तर तो आपला पोटमाळा. त्याची उंची १.४ मीटरपर्यंतच असते आणि तो क्षेत्रफळात धरत नाहीत. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ असते: नकाशा आणि प्रत्यक्ष जागा यांत फरक आढळल्यास प्रत्यक्ष जागा ग्राह्य. ती शोभेला नसते. कधी कधी शेजारच्या फ्लॅटचाच नकाशा डावं-उजवं उलटून दिलेला असतो.

मग बोट घ्या आणि मुख्य दारातून आत शिरा. रात्री अकराला आईंना संडासला जायचंय. कुठून जातील? मुलगी झोपली आहे आणि तुम्हाला पाणी प्यायचंय. कोणाच्या डोक्यावरून जाल? मी तर घर बघताना आधी हेच करते, किती ज्यो ते नंतर.

(अ) मध्ये बोट फिरवलं की ते लगेच अडतं. दारातून कॉरिडॉर, बाजूला न्हाणीघर आणि संडास, पुढे १०.२ ज्योंचं एलडीके. इथवर ठीक. झोपायची ४.५ ज्योंची खोली एलडीकेच्या कुशीत आहे, मध्ये तीन पाखांचं सरकतं दार, आणि त्या खोलीला स्वतःची खिडकी नाही. नीट बघा, बाहेरच्या भिंतीला ती कुठेच टेकत नाही. तिथल्या बांधकाम कायद्यात राहत्या खोलीला जमिनीच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढी उजेडाची खिडकी लागते (२०२३ पासून दिव्यांची पुरेशी सोय असेल तर दहाव्या हिश्श्यापर्यंत चालते). पण दोन खोल्यांच्या मध्ये केव्हाही उघडता येणारं सरकतं दार असेल तर दोन्ही मिळून एकच खोली धरतात. त्या सवलतीवर ही खोली 'खोली' झाली आहे. कायद्याने योग्य, विकायला सुंदर, फोटोत तर दारं सारून अख्खं घर मोकळं दाखवता येतं.

तुम्ही पुण्याच्या टीमबरोबर काम करणार असाल. भारत आणि जपान यांत साडेतीन तासांचा फरक आहे. पुण्यात संध्याकाळी सहाची मीटिंग म्हणजे टोकियोत रात्री साडेनऊ. सरकत्या दाराला खाली-वर फट असते, आवाज सगळा पलीकडे जातो. रोज रात्री मुलगी त्या दाराआड झोपलेली आणि तुम्ही अलीकडे 'ऐकू येतंय का' म्हणताय, हे चित्र मला काही बरं दिसत नाही. एकट्याने राहायचं असतं तर मी (अ) लाच हो म्हटलं असतं. इमारत नवी आणि स्टेशन जवळ, आणखी काय हवं?

(ब)ची रचना तिघांत सर्वात समंजस. उत्तरेला ७ ज्योंचं डीके, दक्षिणेला गॅलरीच्या बाजूने ६ आणि ४.५ ज्योंच्या तातामीच्या दोन खोल्या, आणि दोन्हींना डीकेतून स्वतंत्र वाट. हे फार महत्त्वाचं. पुष्कळ २डीकेंमध्ये एका खोलीतून गेल्याशिवाय दुसरीत जाताच येत नाही, आणि कागदावर ती घरं याच नावाने खपतात. खोल्यांना ओशीइरे आहेत. आपल्या गाद्या-रजयांसकट सगळा संसार गिळतील एवढी ती खोल कपाटं असतात. भिंतींची पातळ सरकती दारं कागदाची आहेत, चार वर्षांचं मूल त्यात बोट घालणारच, ते खर्चात धरा. नेहमीच्या वापराने झालेली झीज भाडेकरूने भरायची नसते, हे एप्रिल २०२० पासून तिथल्या नागरी कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. क्रेयॉनची चित्रं आणि फाटलेले कागद मात्र झिजेत बसत नाहीत.

यूआरचा आणखी फायदा असा, की घरमालकाला द्यायची बक्षिसी नाही (खासगी घरात ती महिना-दोन महिन्यांच्या भाड्याएवढी असू शकते आणि परत मिळत नाही), दलाली नाही, दर दोन वर्षांनी नूतनीकरणाचे पैसे नाहीत, आणि जामीनदारही लागत नाही. मिळकतीची अट आहे आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट आहे, बस. निशी-कासाईत भारतीय लोक एवढे स्थिरावले त्यात अशा घरांचा वाटा मोठा. आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये ज्या एदोगावा वॉर्डच्या सभेवर निवडून गेले, तो हाच.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली चढायची. जपानमध्ये तळमजल्याला पहिला मजला म्हणतात, म्हणून 'चौथा' म्हणजे आपला तिसरा. तरीही तीन जिने, लिफ्ट नाही. तांदळाची पिशवी, मुलीची सायकल आणि आईंचे गुडघे तिन्हींचा विचार करा. दुसरी अडचण सालाची. भूकंपाचे आजचे बांधकाम निकष १ जून १९८१ पासून लागू झाले, १९७७ची इमारत त्याआधीची. म्हणून ती पडेलच असं मुळीच नाही. भिंतींवर तोललेल्या अशा बुटक्या काँक्रीट इमारती १९९५च्या कोबेच्या भूकंपात चांगल्या टिकल्या. पण तपासणी झाली आहे का आणि निकाल काय, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे, आणि यूआर ते सांगतं. आणखी एक लहानशी गोष्ट: न्हाणीघराचं दार थेट डीकेत उघडतं, मध्ये कपडे बदलायची जागा नाही. जोडप्याला चालेल. सासूबाई आल्यावर तुमच्या बायकोला ते चालेल का, हे तिलाच विचारा.

राहता राहिलं (क), त्यातल्या त्या गूढ 'एस'सकट. एस म्हणजे उजेडाच्या नियमात न बसलेली खोली. खिडकी लहान असेल, उंचावर असेल किंवा बाहेरच्या पॅसेजवर उघडत असेल, तर कायद्याच्या हिशेबात तिला राहती खोली म्हणता येत नाही. म्हणून ती आकड्यात मोजत नाहीत आणि नाव देतात सेवाकक्ष किंवा कोठीची खोली. माणूस तिथे झोपला तर कोणी विचारायला येत नाही. हीच खोली नियमात बसली असती तर घर २एलडीके झालं असतं आणि त्यानुसार भाडंही चढलं असतं. थोडा अंधार चालवून घेतला की मधला फायदा तुमचा.

तुमच्या नकाशात एस ४ ज्योंची आहे, मुख्य दाराजवळ, कॉरिडॉरमधून स्वतःचं उघडणारं दार असलेली. झोपायची ६ ज्योंची खोली कॉरिडॉरच्या दुसऱ्या बाजूला, तिलाही स्वतःचं दार. टोकाला १२ ज्योंचं एलडीके. बोट फिरवून बघा, कोणाच्याही डोक्यावरून जावं लागत नाही. रात्रीच्या मीटिंगा एसमध्ये दार लावून होतील. मुलगी अजून आईजवळ झोपते असं धरते, मग सहा ज्यो पुरेत. तुमच्या आई आल्या की त्यांना एसमध्ये घालू नका. टोकियोचा डिसेंबर कोरडा आणि बोचरा असतो, आणि अशा खोल्यांत बहुतेक वेळा एसीच्या पाइपला भोकही नसतं. त्या महिन्यात आई, बायको आणि मुलगी मोठ्या खोलीत, आणि एसमध्ये तुम्ही. तक्रार करू नका.

अट एवढीच, की एसमध्ये प्लग आहे का, हवा खेळायला जाळी आहे का, एसी बसवता येतो का, हे आधी विचारून घ्या. आणि घराचा वीजकरार किती अँपिअरचा तेही. तिथे वीज १०० व्होल्टची, म्हणजे ३० अँपिअर म्हटले तरी सगळं मिळून तीन किलोवॉट. एसी, मायक्रोवेव्ह आणि हीटर एकदम लावले की अंधार. (आपला मिक्सर तिथे चालणार नाही, तो घरीच ठेवा.)

आईंच्या दक्षिणेबद्दल. आपण घराची दिशा मुख्य दारावरून सांगतो. जपानी जाहिरातीतली दिशा मोठ्या खिडकीची, म्हणजे गॅलरीची असते. दक्षिणमुखी म्हणजे हिवाळ्यात ऊन थेट आत, वाळत घातलेले कपडे वाळणार, गाद्यांना ऊन लागणार. म्हणून तिथे त्याला जास्त भाडं. तुमच्या तिन्ही नकाशांत गॅलरी दक्षिणेला आणि दार उत्तरेला आहे. बाण बघून आईंना तसं दाखवा, त्यांचं समाधान होईल. देवघर ईशान्येला ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा. जपानी घरशास्त्रात मात्र ईशान्य ही भुतांच्या वाटेची दिशा, तिकडे दार किंवा संडास ठेवायला जुने लोक बिचकतात. तेव्हा ईशान्येचा कोपरा रिकामा सापडायची शक्यता चांगली आहे.

न्हाणीघराच्या बाबतीत आपलं आणि त्यांचं छान जुळतं. वेगळं न्हाणीघर असेल तर टबाच्या बाहेर आपल्या मोरीसारखी पाणी ओतायची जागा असते, बादली-तांब्या घेऊन बसा. टब, संडास आणि बेसिन एकाच प्लास्टिकच्या खोलीत असलेली घरं स्वस्त असतात, ती कुटुंबाने घेऊ नयेत. तुमच्या तिन्हींत सुदैवाने संडास वेगळा आहे. त्या संडासाच्या जमिनीला पाणी वाहून जायला वाट नसते, हे आईंना पहिल्याच दिवशी सांगा. स्वयंपाकघरातही नसते. संडासात प्लग असेल तर पाण्याचा फवारा असलेली सीट नंतर बसवता येते. प्लग नसेल तर पंचाईत.

शेगडी. (ब) आणि (क)च्या कागदावर 'दोन बर्नरची गॅस शेगडी बसवता येईल' असं आहे, म्हणजे शेगडी नाही, तुम्हीच आणायची. गॅस पाइपलाइनचा की प्रोपेनचा ते आधी विचारा: दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या, आणि प्रोपेनचं बिल जास्त येतं. २००८ पासून तिथल्या घरगुती शेगड्यांच्या प्रत्येक बर्नरच्या मध्यावर तापमानाचा सेन्सर असतो. रिकामा तवा कडक तापला की तो आच आपोआप कमी करतो, त्यामुळे भाकरी करताना चिडचिड होते. जास्त तापमानाचं बटण असलेली शेगडी घ्या. फुलका थेट आचेवर फुगवायला ती कितपत साथ देईल, ते दुकानात विचारूनच ठरवा. (अ) मध्ये विजेची चूल आहे. तिच्यावर फुलक्याचा प्रश्नच मिटला.

जागेबद्दल दोन गोष्टी. जाहिरातीतलं एक मिनिट म्हणजे ८० मीटर. सिग्नल, लिफ्ट, चढ त्यात धरत नाहीत. (क)ची १४ मिनिटं म्हणजे ११०० मीटरच्या आसपास, आणि मुलीचा हात धरून वीसच्या वर. इलाज सायकल, त्या सपाट भागात सगळेच चालवतात. सायकल ठेवायला जागा आणि तिचं भाडं विचारा. दुसरी गोष्ट पाण्याची. एदोगावा वॉर्डाची बहुतेक जमीन भरतीच्या पातळीखाली आहे, आणि २०१९ साली वॉर्डाने काढलेल्या पुराच्या नकाशाच्या मुखपृष्ठावरच 'इथे थांबून चालणार नाही' असं छापलं होतं. घाबरून वॉर्ड सोडायचं कारण नाही, लाखो लोक राहतात. पण तळमजला घेऊ नका, आणि मोठ्या वादळाचा इशारा आला की वेळेवर बाहेर पडायचं कुठे, हे आल्या आठवड्यातच बघून ठेवा.

माझा कौल (क). एसमध्ये प्लगही नाही असं निघालं, तर याच वसाहतीच्या जवळपास यूआरची लिफ्ट असलेली, १९८१ नंतरची आणि (ब)सारख्या रचनेची जागा आहे का विचारा. (अ) सोडा, मित्राला वाईट वाटलं तरी.

एजंटबाईंना आजच कळवा की घरात तिघं राहणार आणि चौथी व्यक्ती काही आठवडे येणार. मी एकटाच येतोय म्हणून करार करून मग जूनमध्ये कुटुंब आणणं तिथे करारभंगात मोडू शकतं. 'एकट्या व्यक्तीसाठीच' अशी अट असलेली घरं खूप आहेत. खोल्यांचे व्हिडिओ मागा, त्यात टेप लावून मापं दाखवायला सांगा: वॉशिंग मशीनच्या ट्रेची, फ्रिजच्या जागेची, मुख्य दाराची, खिडक्यांची. दिवे आणि पडदे घरात नसतात, पहिल्याच रात्री लागतात.

करारापूर्वी परवानाधारक व्यक्तीने घराच्या महत्त्वाच्या बाबी समजावून सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. भाड्याच्या घरांसाठी हे ऑक्टोबर २०१७ पासून व्हिडिओ कॉलवरही होतं, आणि ऑगस्ट २०२० पासून त्यात पुराच्या नकाशावर तुमचं घर कुठे येतं हेही दाखवावं लागतं. ते जपानीतून होईल, म्हणून कंपनीकडून दुभाषा मागा, मित्रावर भागवू नका. घर अडवून ठेवायला एजंटने आधी काही रक्कम घेतली आणि करार होण्यापूर्वी तुम्ही नको म्हणालात, तर ती त्याला परत द्यावी लागते. पावती घेऊन ठेवा.